कोठारातली टकटक

मी एक जुना घडीचा चित्रपडदा आहे. मित्रांनो, पडदा म्हटल्यावर खिडकीत लोंबणारे कापड तुमच्या डोळ्यांसमोर आले असेल, तर ते आधी बाजूला सारा. मला सहा पाने आहेत. प्रत्येक पान म्हणजे आत हलक्या लाकडी पट्ट्यांची जाळी, तिच्यावर कागदाचे थरावर थर आणि भोवती काळ्या लाखेची चौकट. पानांना जोडणाऱ्या बिजागऱ्यासुद्धा कागदाच्याच आहेत, आणि त्या इतक्या बेमालूम बसवल्या आहेत की चित्र एका पानावरून दुसऱ्यावर कुठेही न तुटता जाते. क्योतो शहरातल्या लोकांनी मला वारा अडवायला बनवले, खोली दुभागायला बनवले, आणि खरे सांगायचे तर शेजाऱ्यांना जरा जळवायलाही बनवले.

माझा जन्म इत्तो नावाच्या चित्रकाराच्या कारखान्यात झाला. मला बनवून घेणारे गृहस्थ रेशमी दोऱ्यांचे मोठे व्यापारी होते. त्यांना हवी होती सोनेरी जमीन, तिच्यावर निळे-हिरवे डोंगर आणि जमलेच तर एखादा मोर. पूर्वी सरदारांच्या महालात असे पडदे असत, अंधाऱ्या दालनातही उजेड पाडणारे. इत्तोचा हात मात्र शाईचा. तो पांढऱ्या कागदावर चार फटकारे मारी, बाकीची जागा मोकळी सोडी आणि म्हणे, हे धुके.

"पडदा आमच्या घरात उभा राहणार म्हणजे सोनं पाहिजे," व्यापारी म्हणाले. "रस्त्यावरून जाणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत."

"सोनं लावतो की. पण वर रानहंस काढीन, आणि शाईनेच काढीन."

"वा रे वा! सोनं मी द्यायचं आणि तुम्ही त्याला काळं फासायचं?"

"नाही आवडला तर मी ठेवून घेईन. मग तर झालं?"

सोन्याचा वर्ख श्वासानेही उडतो, म्हणून तो लावताना कारखान्यात कोणी बोलत नसे की शिंकत नसे. चौकोनाला चौकोन जोडत माझी सगळी पाने मढवली. वर्खाच्या कडा जिथे एकमेकींवर चढल्या, तिथल्या फिकट रेघा तुम्हाला आजही दिसतील. मग इत्तोने शाई घोटली. कागद शाई पितो, सोने पीत नाही. तिथे शाई घसरते, आणि टेकलेला कुंचला परत घेता येत नाही. इत्तोने लव्हाळ्यांत उतरणारे हंस काढले, पंख पसरलेले, पाय पुढे केलेले, पाण्याला टेकायच्या बेतात असलेले. व्यापारी बराच वेळ बघत उभे राहिले आणि मग मला घरी घेऊन आले.

उन्हाळ्यातल्या मोठ्या उत्सवात आमच्या गल्लीची एक रीत होती. घरोघरी पुढच्या बाजूच्या लाकडी जाळ्या काढून ठेवायच्या आणि आपला पडदा येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा उभा करायचा. समोरच्या घरी शाईचा पडदा होता, नुसते धुके आणि त्यात एक होडी. शेजारी सेइबेईकडे शरदातले गवत आणि फुले होती. त्यात ओल्या रंगावर दुसरा ओला रंग टपकवून पानांवर असे डाग पाडले होते, की अळीने खाल्ल्यासारखे वाटावे. कोपऱ्यावरच्या घरी सोनेरी ढगांच्या फटींतून अख्खे शहर दिसे, त्यातली मुंगीएवढी माणसे बाजारात भांडत. माझ्यापुढे लोक वाद घालत. हा धड सोनेरी नाही, धड शाईचा नाही, असे कोणीतरी हमखास म्हणे. मला राग येई. पण माझ्यापुढे थांबलेली माणसे लवकर हलत नसत, हे मी बघून ठेवले होते.

वर्षे गेली. व्यापाऱ्यांचा मुलगा योहेई घराचा मालक झाला. त्याची बायको नुई आणि त्यांची एकुलती एक मुलगी सायो. नुई कडक बाई होती. मुलगी वाया गेली तर लोक आईला नावे ठेवतात, हे तिच्या मनाने घेतले होते. सायो मात्र पाऱ्यासारखी. मला नागमोडी उभे केले की मागे लहान लहान कोपरे तयार होतात. आई रागावली की सायोने त्यातला एक कोपरा गाठायचा, हे ठरलेले असे.

एका वर्षी त्या उन्हाळी उत्सवात तिने काळ्या गुळाच्या पाकाने भरलेले बोट सरळ माझ्या एका हंसाच्या चोचीवर ठेवले.

"अगं, काय करतेस हे!" नुई धावत आली आणि तिने सायोच्या पाठीत धपाटा घातला.

"त्याला भूक लागली होती," सायो म्हणाली.

"भूक लागली होती म्हणे! सोन्याची नासाडी केलीस, कार्टे! जा, मला तुझं तोंड दाखवू नकोस."

सायो माझ्यामागे जाऊन बसली. मुसमुसण्याचा आवाज मला पाठीशी ऐकू येत होता. तेवढ्यात आगीची घंटा सुरू झाली.

मित्रांनो, लाकडाच्या आणि कागदाच्या घरांचे शहर आग लागल्यावर कसे पळते, ते देव करो आणि तुम्हाला कधी बघावे न लागो. वारा आमच्याच बाजूचा होता. नोकर आले, त्यांनी मला फटाफट मिटले, कापडात गुंडाळले. मी मिटत असताना सायो त्यांच्या पायांतून निसटली आणि मागच्या दाराने पळाली. तिचा चिकट पंजा माझ्या चौकटीवरून सुटलेला मला कळला. दुसऱ्या कोणाचेही तिच्याकडे लक्ष नव्हते.

आमच्या परसात जाड मातीच्या भिंतींचे कोठार होते. आग आली की किमती वस्तू आत टाकायच्या, मातीची दारे लावायची आणि सांधा ओल्या चिखलाने लिंपून टाकायचा. घर जळते, कोठार वाचते. त्यासाठी गोनरोकु नावाचा घरचा ठरलेला गवंडी होता. मी सगळ्यांत शेवटी आत गेलो. पेटी शोधायला वेळ नव्हता, म्हणून मला तसेच दाराला टेकवून ठेवले.

"सगळं आलं का आत?" गोनरोकुने ओरडून विचारले.

"आलं, आलं! लाव आता, लाव!" कोणीतरी म्हणाले.

दार लागले. चिखलाचे थापे पडत गेले आणि काळोख झाला.

पुढचे सगळे मी आवाजातच ऐकले. आधी गर्जना, मग वासे कोसळण्याचे धमाके, मग भिंतींमधून हळूहळू आत शिरणारी धग. माझ्यातले सरसाचे थर मऊ पडले. शेजारच्या पेटीतले रेशीम करपट वास सोडू लागले. मग बाहेर सगळे शांत झाले आणि धग मात्र वाढतच गेली. आमचे घर राखेला मिळाले होते.

दार जाड होते, पण मी अगदी त्याला टेकून असल्यामुळे बाहेरचे बोलणे मला पुसट का होईना, ऐकू येई. पहिला आवाज नुईचा होता.

"अहो, सायो कुठाय? तोराबरोबर आहे ना?" तोरा म्हणजे त्यांची स्वयंपाकीण.

"तोरा तुझ्याबरोबर नव्हती?" योहेई म्हणाला.

मग नुईने फार हळू विचारले, "तो पडदा कुठाय? हंसांचा?"

"आत आहे, मालकीणबाई," गोनरोकु म्हणाला.

"ती त्याच्यामागे बसली होती. गोनरोकु, दार लावताना तू आत बघितलंस?"

"नाही बघितलं."

"नाही बघितलंस?"

"सगळं आलं म्हणून ओरडले, बाई. मी लावलं. काळोख होता आत."

मला ओरडून सांगायचे होते, की ती इथे नाही, मागच्या दाराने गेली, नदीकडे शोधा. पडद्याला कसला आवाज? आणि नेमका त्याच वेळी माझ्यातून आवाज आला. धगीने माझी चौकट सुकत चालली होती. लाखेखालचे लाकूड आकसले आणि टक् करून वाजले. थोड्या वेळाने पुन्हा, टक्.

"ऐकलंत?" नुई किंचाळली. "आहे! आत आहे माझी पोर! दार वाजवतेय! फोड, गोनरोकु, फोड दार!"

"थांबा!" गोनरोकु दारापुढे आडवा झाला असावा. "बाई, हात लावून बघा भिंतीला. तापलेल्या तव्यासारखी आहे. आता दार उघडलं, वारा आत शिरला, की सगळं भडकेल. दोन दिवस तरी निवायला हवं."

"दोन दिवस? आत माझी लेक आहे!"

"म्हणून तर म्हणतोय!"

ते असे भांडत असतानाच शेजारून धडाम् असा आवाज आला. सेइबेईने त्याचे कोठार उघडले होते. भिंती शाबूत, आत काही पेटलेले नाही, मग कशाला थांबायचे, असे त्याला वाटले. दार किलकिले होताच आतल्या धगीने पेट घेतला आणि ज्वाला बाहेर आली. सेइबेईच्या भुवया गेल्या, हात भाजले, हे मला मागाहून कळले, आणि ते डागांच्या पानांचे सुंदर गवत बघता बघता नाहीसे झाले. त्याच्या घरच्यांचा आक्रोश मी ऐकला.

"बघितलंत?" गोनरोकु म्हणाला. "ती आत असेल, तर उघडल्यावर हेच व्हायचं. बंद आहे तोवर कदाचित..."

"कदाचित?"

"मला तरी काय ठाऊक, बाई? मीसुद्धा आवाज ऐकला."

योहेईने नदीकाठी पळून गेलेल्या लोकांत शोधायचे ठरवले आणि तो गेला. नुई हलली नाही. ती दाराशी बसली आणि बोलू लागली.

"सायो, ऐकतेयस ना? मी इथेच आहे. हालचाल करू नकोस, खाली निजून राहा. जमीन गार असते."

टक्, मी वाजलो. मला ते थांबवता येत नव्हते. अंग आखडून धरायचा मी किती प्रयत्न केला! पण सुकणाऱ्या लाकडाला कोण आवरणार? एकेक टक् म्हणजे त्या माउलीला मी दिलेले खोटे उत्तर होते, आणि त्या उत्तराच्या भरवशावर तिने दार फोडले तर तिचा चेहराच आधी जळणार होता.

"हंसाला भरवलंस ते बरं केलंस हं," ती म्हणाली. "भूक लागली असेल त्याला. कोणी विचारतं का त्याला? बाहेर आलीस की आपण दोघी भरवू."

टक्.

"केस विंचरताना मी ओढते, दुखतं तुला. मला कळतं गं. मी हळू विंचरीन. तू झालीस ना, तेव्हा एवढीशी होतीस, मला हातात घ्यायची भीती वाटली होती. तुझे बाबा हसले मला. सायो, तू माझा जीव आहेस. हे मी कधी बोलले नाही. बोलायला लाज वाटते मला. तुला कळतं असं वाटायचं."

ती बोलतच राहिली. तिचा घसा बसला, तरी बोलत राहिली. योहेई एकदा येऊन गेला. नदीकाठी सायो नव्हती. पलीकडच्या काठावर जायचे पूल पहारेकऱ्यांनी बंद केले होते. तो तसाच पुन्हा गेला.

आणि मग एक भयंकर गोष्ट झाली. कोठार निवू लागले. माझ्या दृष्टीने ही केवढी चांगली बातमी! लाकूड आकसायचे थांबले, मी वाचण्याची आशा दिसू लागली. पण माझी टकटक कमी झाली. मग फार वेळाने एखादी. मग बंद.

"सायो?" नुईने हाक मारली. "सायो, वाजव की गं. एकदाच वाजव."

मी शांत होतो. आता मला वाजायचे होते आणि वाजता येत नव्हते.

"सायो! मी म्हटलं तोंड दाखवू नकोस. दाखव गं! एकदा दाखव!"

मग कुदळीचा पहिला घाव दारावर पडला.

"बाई, अजून गरम आहे आत!" गोनरोकु ओरडला.

"सोड मला! ती गप्प झाली! तुझ्या थांबण्यापायी गप्प झाली!"

दुसरा घाव, तिसरा. सांध्यातला वाळलेला चिखल फुटला आणि अंगठ्याएवढे भोक पडले. त्या भोकातून बाहेरचा वारा शीळ घालत आत घुसला. अख्ख्या कोठाराने श्वास घेतल्यासारखे वाटले. माझ्यावरच्या कापडाची कड धगीने करपून काळी झाली होती, ती लाल झाली. लाल ठिणगी सरकत माझ्या खालच्या कोपऱ्याला लागली. आता मी पेटणार, आणि माझ्यापाठोपाठ सगळे.

नुईने भोकाला डोळा लावला होता. तिला ती लाल कड दिसली.

मला वाटले, आता ती आणखी घाव घालणार. तिने कुदळ टाकली. "पेटतंय! ती भाजेल!" ती ओरडली. "गोनरोकु, चिखल!"

"ओला चिखल संपलाय! मिसो घ्या, रांजणातला मिसो!"

कोठाराच्या पायाशी मिसोचा रांजण जमिनीत पुरलेला असे. आंबवलेल्या सोयाबीनचा हा लगदा एरवी रोजच्या कढणात पडतो, पण चिखल कमी पडला की त्यानेच सांधे लिंपतात. नुईने ओंजळी भरल्या आणि आपल्या हातांनी ते भोक बुजवले. मऊ लगदा गरम मातीवर चरचरला. ती थापत राहिली, थापत राहिली, आणि ज्या दारामागे आपली लेक आहे असे ती समजत होती, ते दार तिने स्वतःच पुन्हा बंद केले. शीळ थांबली. माझ्या कोपऱ्यावरची लाल ठिणगी हळूहळू विझली.

मग ती रडली. तसे रडणे मी त्यापूर्वी ऐकले नव्हते आणि नंतरही ऐकले नाही.

त्यानंतर परसात पावले वाजली आणि तोराचा खणखणीत आवाज आला, "मालकीणबाई, अहो, किती शोधायचं तुम्हाला! पोरगी माझ्याकडे होती. पलीकडच्या काठावर अडकलो, पूल सोडेनात मेले. आत्ता मालक भेटले वाटेत." तिच्यामागून योहेई हसत होता की रडत होता, ते मला कळेना.

मी सगळा जीव कानांत आणून ऐकत होतो. आता नुई ते सगळे बोलेल, जे तिने मला ऐकवले होते.

"कुठे उलथली होतीस?" नुई ओरडली. "पायात चपला कुठायत? अवतार बघ जरा!" आणि पुढचे शब्द दबले, कारण तिने मुलीला घट्ट आवळले असावे.

"आई, दुखतंय," सायो म्हणाली.

भिंतीला टेकवलेला पंजा खुशाल ठेवता येईल इतकी ती निवल्यावरच गोनरोकुने दार उघडले. नुई आत आली. सायो तिच्या कडेवर होती. तरीही नुईने मला उभे करवले आणि माझ्यामागे वाकून, एकेका कोपऱ्यात नीट बघितले. मग तिने माझ्या चौकटीवरून हात फिरवला. तडे तिच्या बोटांना लागले. ती तशीच उभी राहिली.

"काय गं?" योहेईने विचारले.

"काही नाही. लाकूड वाजत होतं," नुई म्हणाली.

मित्रांनो, घर पुन्हा उभे राहिले. माझ्या चौकटीला नवी लाख चढली. जळका कोपरा कापून कागद बसवला, पण वर्ख जुन्याशी कधी जुळला नाही. उत्सवात लोक त्या डागाबद्दल विचारत आणि योहेई आगीची गोष्ट रंगवून सांगे. नुई त्या वेळी आत निघून जाई. तिने सायोला पूर्वीसारखेच वाढवले, शिस्तीत, करड्या आवाजात. केस ओढूनच विंचरले. कोठाराच्या दाराशी ती जे बोलली, ते पुन्हा कधी तिच्या तोंडून मी ऐकले नाही. लाज वाटते, हे तिने सांगितलेच होते.

सायोचे लग्न ओसाकाच्या एका घरात ठरले. निघायच्या दिवशी मला दिवाणखान्यात उभे केले होते. माझ्यामागे सायो तोराकडून कमरपट्टा बांधून घेत होती. माझ्यापुढे नुई मुलीच्या सामानाच्या गाठी पुन्हा पुन्हा तपासत होती.

"एक सांगू, तोरा?" सायो म्हणाली. "आईला माझं कधी काही चांगलं दिसलंच नाही. मी गेले की सुटली म्हणेल."

मधे फक्त मी होतो, म्हणजे कागदाचे थर. नुईचे हात थांबले. मला वाटले, आता तरी. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिचे ओठ हलले.

"तोरा," ती म्हणाली, "पट्टा घट्ट बांध गं. वाट लांबची आहे."

सायो गेली. पुढे ती दोन-चारदा माहेरी आली, पाहुण्यासारखी बसली आणि गेली. नुई वारली तेव्हा ती वेळेत पोचू शकली नाही.

आता मी एका मोठ्या शांत दालनात काचेमागे आहे. माणसे येतात, सोन्यावरच्या शाईचे कौतुक करतात, डाग बघून हळहळतात. मुलांनो, आम्हा जुन्या पडद्यांना उन्हापासून, शेगडीपासून आणि चिकट बोटांपासून जपा, ही विनंती तर मी करीनच. आमच्यासारखे पुन्हा होणे कठीण आहे. पण माझे काय, मी जळलो असतो तर एक चित्र गेले असते. माझ्यापाशी एका आईचे शब्द आहेत, ते माझे नाहीत. ज्या मुलीचे होते, ती माझ्यामागे हातभर अंतरावर होती आणि मला ते तिला देता आले नाहीत. तुमच्यापाशी कोणाचे असे काही राहिले असेल, तर आज घरी गेल्यावर ते देऊन टाका. तुम्हाला तोंड आहे.